सोपाऱ्याची वाट आणि एक दिवंगत मित्र

वसईच्या किल्ल्याला वळसा घालून रस्ता समुद्राकडे उतरतो, तेथे पाचूबंदर लागते. कोळी बांधवांची दाटीने उभी असलेली घरे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, डागडुजीसाठी पसरलेली जाळी, मागे किल्ल्याची तटबंदी आणि समोर समुद्राला मिळणारी वसईची खाडी असे हे गाव आहे. नावात ‘बंदर’ आहे. पण ज्या काळी या किनाऱ्यावर परदेशी गलबते नांगर टाकीत, तो काळ केव्हाच सरला. पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पुढे इंग्रजांचा अंमल आला. प्रत्येक राजवटीबरोबर व्यापाराचे केंद्र हलत गेले आणि अखेरीस ते मुंबईस जाऊन स्थिरावले.

मात्र या किनाऱ्याची स्मृती किल्ल्याहून फार जुनी आहे. पाचूबंदराहून किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे निघाले की भुईगाव लागते आणि पुढे आत वळले की सोपारा. आज लोकल गाडीच्या गर्दीत ‘नालासोपारा’ म्हणून ऐकू येणारे हे नाव जैन घरांना मात्र रेल्वेच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. आयंबिलच्या ओळीत ज्या श्रीपाळ राजाची कथा घरोघरी ऐकली जाते, त्याच्या प्रवासात सोपारकाचा उल्लेख येतो. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ रचला, त्यात सोपारकास तीर्थाचे स्थान असून तेथील ऋषभदेवांच्या प्रतिमेची नोंद आहे. आणि वज्रसेनसूरींची कथा तर व्यापारी कुळांनी विसरू नये अशी आहे.

बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. सोपाऱ्यातील श्रेष्ठी जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांच्या घरी लक्ष मोहरांच्या मोलाचा शेवटचा भात शिजत होता. त्यात विष कालवून कुटुंबाने जगाचा निरोप घ्यावा, असा त्यांचा निश्चय झाला होता. तेवढ्यात वज्रसेनसूरी गोचरीस आले. लक्षमोलाचे अन्न ज्या दिवशी दिसेल, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुकाळ होईल, हे गुरू वज्रस्वामींचे वचन त्यांना आठवले. त्यांनी ईश्वरीला थांबविले आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदरास लागली. त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली, असे परंपरा सांगते.

ही परंपरा ग्रंथांत आणि श्रद्धेत जपली गेली. परंतु सोपारा नावाचे ते समृद्ध बंदर नेमके कोठे होते, त्याच्या मातीत काय दडले होते, हे एकोणिसाव्या शतकात कोणी प्रत्यक्ष खोदून, मोजून, वाचून पाहिले? ते काम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. त्या दिवशी ज्या मित्राने हा शोध सर्वांआधी ऐकायचा, तो मात्र हयात नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. ही हकिगत त्या दोघांची आहे.

गिरनारच्या पायथ्याचा मुलगा

भगवानलाल यांचा जन्म १८३९ मध्ये जुनागढ येथील नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. जुनागढ म्हणजे गिरनारचा पायथा. नेमिनाथ भगवंतांच्या निर्वाणभूमीस जाणारा यात्रेकरू याच गावातून पुढे जातो. गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा लेख आहेत. त्याच शिळेवर सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधल्याची क्षत्रप रुद्रदामनाची हकिगत इ. स. १५० च्या सुमारास कोरली गेली आणि पुढे पाचव्या शतकात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळीही त्याच बांधाची दुरुस्ती नोंदविली गेली. यात्रेकरू शिळेकडे पाहत आणि पुढे जात. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, त्यास तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. त्या अक्षरांचा तक्ता भगवानलालांच्या हाती पडला आणि किशोरवयातच ते शिळेसमोर बसून एकेक अक्षर जुळवू लागले.

‘रासमाळा’ या गुजरातच्या इतिहासाचे कर्ते अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स त्या काळी काठेवाडात अधिकारी होते. त्यांच्या ओळखीतून या तरुणाचे नाव मुंबईस भाऊ दाजींच्या कानी गेले. १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजीचे ज्ञान जेमतेम, हाती पदवी नाही, ओळखीपाळखी नाहीत. भांडवल एकच : दगडावरचे झिजलेले अक्षर ओळखणारी नजर.

गिरगावचे डॉक्टर

भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात ते होते. गोरगरिबांना मोफत औषध देणारा डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती झाली. कुष्ठरोगावरील औषधासाठी त्यांनी केलेले प्रयोग दूरवर गाजले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते कार्यवाह होते. पुढे १८६९ आणि १८७१ असे दोन वेळा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्यास आज त्यांचेच नाव आहे.

दिवसभर रुग्ण, सायंकाळी सभा आणि रात्री पोथ्या असा त्यांचा क्रम. जैन वाचकांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. मेरुतुंगाचार्यांची थेरावली आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य या दोन विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध सादर केले. भारताच्या कालगणनेचे कोडे सोडवायचे, तर जैन आचार्यांनी जपलेल्या पट्टावलींशिवाय गत्यंतर नाही, हे ज्या थोड्या विद्वानांनी त्या काळी ओळखले, त्यांत भाऊ दाजी होते.

त्यांची अडचण मात्र एक होती. पोथी घरी आणता येते. शिलालेख आणता येत नाही. तो जेथे असेल तेथे जावे लागते आणि रुग्णांना सोडून महिनोनमहिने हिंडणे डॉक्टरांस शक्य नव्हते. भगवानलालांना प्रवास करता येत होता, पण त्यासाठी लागणारा पैसा, ग्रंथ आणि विद्वानांची सभा त्यांच्याजवळ नव्हती. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असा हा योग जुळला. व्यापारी भाषेत बोलायचे तर एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत, अशी ही पाती होती. मात्र या दुकानात नफ्याची वाटणी पैशांत व्हायची नव्हती.

एकाचे पाय, दोघांचा प्रवास

पहिलेच काम गिरनारच्या शिळेचे निघाले. भगवानलालांनी लेखांच्या नव्या नकला केल्या आणि भाऊ दाजींनी रुद्रदामन व स्कंदगुप्त यांच्या लेखांवरील निबंध सोसायटीपुढे ठेवला. त्यानंतर अजिंठ्याचे लेख आले. मग मोहिमा लांबत गेल्या. उत्तरेस मथुरा, पूर्वेस कलिंगाच्या टेकड्या, वायव्येस सरहद्दीचा मुलूख आणि अखेरीस नेपाळ, अशी ही भ्रमंती झाली.

त्या काळचा प्रवास कसा होता, याची कल्पना आज सहज येत नाही. मुंबई आणि कलकत्ता हे रेल्वेने जोडले गेले तेच मुळी १८७० मध्ये. शिलालेख तर रेल्वेपासून दूर, डोंगरात नाहीतर ओसाड रानात. बैलगाडी, घोडे आणि पुष्कळदा पायपीट. मुक्कामी पोहोचल्यावर खरे काम सुरू होई. दगडावरचे शेवाळ व माती पुसायची, ओला कागद अक्षरांवर दाबून ठसा घ्यायचा, तो जपून वाळवायचा आणि शिवाय डोळ्यांनी पाहून हाताने वेगळी नक्कल करायची. अक्षर झिजलेले असेल तर उन्हाची तिरीप बदलेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा पाहायचे. एका रेघेच्या चुकीने राजाचे नाव बदलते आणि राजाच्या नावाने शतक बदलते, याची जाणीव भगवानलालांच्या प्रत्येक नकलेत दिसते.

मुंबईत बसलेले डॉक्टर त्या नकलांवरून तोच प्रवास पुन्हा करीत. एकाने चालावे आणि दुसऱ्याने वाचावे. एकाने दगड पाहावा आणि दुसऱ्याने त्याला ग्रंथांचा आधार शोधावा. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन वाटसरूंपेक्षा हे सहप्रवासी कमी जवळचे होते, असे कोण म्हणेल?

या प्रवासांचा खर्च भाऊ दाजी सोशीत आणि येथे व्यापारी घरांना परिचित असलेला एक प्रसंग या कथेत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा महापूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, नव्या पेढ्या, नव्या बँका यांच्या शेअरांच्या मागे अवघी मुंबई धावली. त्या बाजाराचे सूत्रधार मानले गेलेले सुरतचे प्रेमचंद रायचंद हे जैन समाजातीलच. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस उतरला आणि जुलैच्या हिशेबपूर्तीस एकामागून एक घरे कोसळली. जुनी बँक ऑफ बॉम्बेदेखील यातून वाचली नाही. तिचा कारभार गुंडाळून १८६८ मध्ये त्याच नावाने नवी बँक उभी करावी लागली. प्रेमचंद रायचंदांनी पुढे पुन्हा उभारी धरली आणि मातोश्री राजाबाईंच्या नावाचा मनोरा आजही त्यांची स्मृती सांगतो. पण शेकडो घरे पुन्हा उभी राहिली नाहीत.

या कोसळण्याची मोठी झळ भाऊ दाजींनाही लागली. अशा वेळी माणूस प्रथम कोणता खर्च कापतो? जो खर्च परत येत नाही, तो. दूरच्या रानात दगडांच्या नकला करीत हिंडणाऱ्या पंडिताचा खर्च हा कोणत्याही हिशेबनिसाच्या दृष्टीने पहिला कापण्याजोगा होता. तो कापला गेला नाही. मथुरेत शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायऱ्यांत बसविलेले सिंहस्तंभाचे शीर्ष भगवानलालांना सापडले ते १८६९ मध्ये, म्हणजे मंदीनंतर चार वर्षांनी. त्यावरील खरोष्ठी लेखांनी मथुरेच्या शक क्षत्रपांचा इतिहास उजेडात आणला. प्रवास चालूच होता, याची यापेक्षा वेगळी साक्ष नको.

नाव कोणाच्या खाती?

या मैत्रीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वहीत जमेबरोबर नावेही लिहावे लागते. भाऊ दाजींच्या हयातीत या साऱ्या कामाचे निबंध भाऊ दाजींच्या नावाने वाचले गेले आणि छापले गेले. सभेपुढे उभे राहण्यास लागणारी इंग्रजी भगवानलालांजवळ नव्हती. ते गुजरातीत लिहीत. ज्याच्या पदरी पंडित, त्याच्या नावे निबंध, हा तर त्या काळचा रिवाजच होता. तरीही बारा-तेरा वर्षे ज्याने ऊनपाऊस सोसला, त्याचे नाव शीर्षकात नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच.

भाऊ दाजींनी अन्याय केला, असा निवाडा आज दीडशे वर्षांनंतर देणे सोपे आहे. पण खातेपुस्तक पुरते उलटून पाहावे. भगवानलालांना मुंबई दिसली ती भाऊंमुळे. पोथ्या, नाणी, विद्वानांचा सहवास आणि अवघा हिंदुस्थान पाहण्याची संधी मिळाली ती भाऊंमुळे. ज्या दिवशी स्वतःच्या नावाने लिहिण्याची वेळ आली, त्या दिवशी त्यांच्याजवळ जे भांडवल होते, ते याच वर्षांत जमले होते. देणे-घेणे दोन्हीकडून होते. जैन परंपरेने ज्या चार भावना सांगितल्या, त्यांत मैत्रीच्या लगेच पुढे प्रमोद येतो. प्रमोद म्हणजे दुसऱ्याच्या गुणांचा निर्मळ आनंद. ज्या मैत्रीत प्रमोद आहे, तीच बारा वर्षांचा असा हिशेब सोसू शकते. हे दोघेही जन्माने जैन नव्हते, परंतु ही भावना त्यांच्या आचरणात होती.

मे १८७४ मध्ये भाऊ दाजींचे मुंबईत निधन झाले. भगवानलाल त्या वेळी उत्तरेच्या दीर्घ प्रवासात होते. ज्याच्यासाठी ठसे घ्यायचे, ज्याला ते दाखवायचे, तो उरला नव्हता. थैलीत नकला होत्या, पण त्यांची वाट पाहणारे घर बंद झाले होते.

मित्रानंतरची चौदा वर्षे

अशा प्रसंगी दोन वाटा असतात. काम सोडून द्यावे, किंवा ते आपले म्हणून पुरे करावे. भगवानलाल मुंबईस परतले आणि त्यांनी दुसरी वाट धरली. ते गुजरातीत लिहीत राहिले. संस्कृतचे जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर यांनी त्यांतील महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आणले. भगवानलाल इंद्रजी हे नाव आता छापून येऊ लागले.

पहिल्या मोठ्या कामांपैकी एक हिशेबाच्या माणसांना विशेष आवडेल. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात आहेत. हा घाट म्हणजे सोपारा आणि कल्याण या बंदरांकडे उतरणाऱ्या मालाची वाट. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. शून्य व स्थानमूल्य रूढ होण्यापूर्वीच्या त्या अंकचिन्हांचा उलगडा करण्यात भगवानलालांचा फार मोठा वाटा आहे. १८७६-७७ मध्ये त्यांनी या प्राचीन अंकांवर निबंध प्रसिद्ध केले. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात रक्कम कशी मांडीत, हे त्यामुळे जगास कळले.

जैन इतिहासावर तर त्यांचे ऋण दुहेरी आहे. उत्तर प्रदेशातील कहाऊँ या खेड्यात एक पाषाणस्तंभ उभा आहे. गुप्त संवत १४१, म्हणजे इ. स. ४६०-६१ मध्ये, स्कंदगुप्ताच्या राज्यात मद्र नावाच्या श्रावकाने तो उभारला आणि त्यावर पाच तीर्थंकरांच्या मूर्ती कोरविल्या. आदिनाथ, शांतिनाथ, नेमिनाथ, पार्श्वनाथ आणि महावीर या त्या पाच मूर्ती होत, ही ओळख भगवानलालांनी पटविली.

दुसरे ऋण खारवेलाचे. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत सतरा ओळींचा एक लेख आहे. त्याचा आरंभ अर्हंत आणि सिद्धांना केलेल्या नमस्काराने होतो. प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये तो वाचण्याचा प्रयत्न केला होता, पण राजाचे नाव नीट लागले नव्हते. त्या राजाचे नाव खारवेल, हे प्रथम भगवानलालांनी ठामपणे सांगितले. लायडेन येथे १८८३ मध्ये भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी हा निबंध सिद्ध केला आणि तो १८८५ मध्ये छापून आला. नंदराजाने नेलेली कलिंगजिनाची प्रतिमा परत आणणारा राजा म्हणून आज प्रत्येक जैन घरात खारवेलाचे नाव अभिमानाने घेतले जाते. ते नाव दगडातून बाहेर काढणारा माणूस मात्र फारसा आठवला जात नाही.

सोपाऱ्यातील तो एप्रिल

आता पुन्हा या किनाऱ्यावर यावे. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर तयार करण्याचे काम जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे होते आणि त्यांना प्राचीन इतिहासाच्या भागात भगवानलालांचे मोलाचे साहाय्य होते. सोपाऱ्याजवळ एक मोठा मातीचा उंचवटा होता. गावकरी त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, भगवानलालांनी तो उघडला.

कोटाच्या पोटात विटांचा स्तूप होता. मध्यभागी विटांची कोठडी, तीत झाकण असलेला गोल दगडी करंडक. करंडकात तांब्याची डबी आणि तिच्याभोवती आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या : सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांच्या आत सोन्याची. सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून पुजले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत झाले. सोन्याच्या वेष्टनात मातीची खापरे! ज्यांनी परिग्रहाचा त्याग केला, त्यांच्या पात्राचे मोल त्या काळच्या सोपाऱ्यातील व्यापाऱ्यांना किती वाटत होते, हे यावरून समजते. सोबत सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे होते. नाण्याने स्तूपाचा काळ सांगितला : इसवी सनाचे दुसरे शतक.

याच सुमारास सोपाऱ्यातील भाटेळे तळ्याजवळ अशोकाच्या लेखाचा एक तुटका दगड मिळाला. चौदा लेखांपैकी तो आठव्याचा भाग होता. हा आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे मौजेखातर, शिकारीसाठी फिरत. अशोकाने ती चाल मोडली आणि धर्मयात्रा सुरू केली. साधूंचे दर्शन, वृद्धांना साहाय्य, खेड्यापाड्यातील लोकांची भेट आणि धर्मचर्चा हे त्या यात्रेचे हेतू होते, असा त्याचा आशय. ज्या मुलाने गिरनारच्या पायथ्याशी हेच चौदा लेख अक्षर अक्षर लावून वाचले, त्याच्या हाती वीस-पंचवीस वर्षांनी त्यांतलाच एक तुकडा या किनाऱ्यावर यावा आणि त्या तुकड्यात यात्रा कशासाठी करावी हे लिहिलेले असावे! गिरनारच्या नकलांपासून त्यांचा प्रवास ज्याच्या सोबतीने सुरू झाला, तो भाऊ दाजी हे पाहण्यास नव्हता.

कथा येथेच संपत नाही. १९५६ मध्ये पाचूबंदर आणि सोपारा यांच्या वाटेवरील भुईगावात आणखी एक तुकडा सापडला. तो नवव्या लेखाचा निघाला. त्याचा विषय मंगलाचार. लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक अनेक मंगल विधी करतात. पण नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जीवमात्रांविषयी संयम बाळगणे आणि श्रमण-ब्राह्मणांना दान देणे हेच खरे मंगल, असे हा लेख सांगतो. हे खरे मंगल कोणते, ते एकमेकांना सांगावे म्हणून ज्यांची नावे लेखात येतात, त्यांत पिता, पुत्र, बंधू आणि स्वामी यांच्याबरोबर मित्रही आहे. हा दगड सापडला तेव्हा भगवानलाल जाऊन अडुसष्ट वर्षे झाली होती.

एका छताखाली

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत भगवानलालांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. अपत्य नव्हते. लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. त्यांचे उरलेले लेखन मित्रांनी पुरे केले : क्षत्रपांच्या नाण्यांवरील निबंध रॅप्सन यांनी संपादिला, मथुरेच्या सिंहशीर्षावरील वाचन ब्यूलर यांनी प्रसिद्ध केले, गुजरातचा प्राचीन इतिहास जॅक्सन यांच्या संपादनाने १८९६ मध्ये बाहेर आला. जवेरीलाल उमियाशंकर याज्ञिक यांनी त्यांचे चरित्र लिहून सोसायटीच्या नियतकालिकात छापविले. एकेकाळी दुसऱ्याच्या निबंधात ज्याचे श्रम मुरले, त्याचे अपुरे निबंध इतरांनी त्याच्या नावाने पुरे केले. २०१२ मध्ये वीरचंद धरमसी यांनी त्यांच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाने त्यांना पहिले भारतीय पुरातत्त्वज्ञ म्हटले आहे.

मुंबईच्या फोर्ट भागात टाउन हॉलच्या भव्य पायऱ्या चढून गेले की एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. भाऊ दाजींचा हस्तलिखित संग्रह तेथे आहे. भगवानलालांचा हस्तलिखित संग्रहही तेथेच आहे. पुढे जैन ग्रंथांची महासूची ‘जिनरत्नकोश’ रचणारे प्रा. ह. दा. वेलणकर यांनी सोसायटीच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली. तिच्यात या दोन्ही संग्रहांतील पोथ्या जागोजागी भेटतात. आणि सोपाऱ्याच्या स्तूपातून निघालेले ते करंडक व त्या डब्याही याच सोसायटीच्या ठेव्यात आहेत. जो शोध मित्राला दाखवायचा राहून गेला, तो आज मित्राच्या पोथ्यांसह एकाच छताखाली आहे.

सुट्टीच्या दिवशी वसईचा किल्ला पाहण्यास जाणाऱ्या कुटुंबांनी पाचूबंदरापर्यंत जावे, तेथून सोपाऱ्याची वाट धरावी आणि बुरूड राजाच्या कोटापाशी क्षणभर थांबावे. मुलांना श्रीपाळ राजाची आणि ईश्वरीच्या घरच्या लक्षमोलाच्या भाताची कथा तेथेच सांगावी. सोबत या दोन मित्रांचीही सांगावी.

आणखी एक गोष्ट घरी परतल्यावर करावी. प्रत्येक व्यापारी कुळात कोणी ना कोणी भगवानलाल असतोच. दुकानाच्या पाटीवर त्याचे नाव नसते. तो भागीदार असेल, मुनीमजी असतील, आडत्या असेल, किंवा खरेदीसाठी आजोबांबरोबर गावोगाव हिंडणारा एखादा शेजारी असेल. धर्मशाळेतील मुक्काम, उधारीवर मिळालेला पहिला माल, मंदीत हात न सोडलेला सोबती, हे सारे घरातील वृद्धांच्या आठवणीत अजून आहे. जुन्या चोपड्या रद्दीत गेल्या तरी या आठवणी विचारून लिहून ठेवता येतात. क्षमापनेच्या दिवशी जसा दोषांचा हिशेब पुरा करतात, तसा ऋणांचाही करावा. लिहिताना त्या माणसाचे पूर्ण नाव, त्याचे गाव आणि त्याच्याबरोबर केलेल्या प्रवासांची वर्षे न विसरता घालावीत.